या गोंगाटात सुचणार तरी काय

आमच्या घरात सकाळपासून एक वाक्य हमखास ऐकायला मिळायचं. "अगं, या गोंगाटात माणसाला सुचणार तरी काय?" हे म्हणायचे आणि पेन्सिल टेबलावर आपटायचे. वर्षभर ऐकलं मी ते. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं.

आमचे हे चादरींवरचे छाप काढतात. पानं, फुलं, पक्षी, काय काय. पानावर बसलेल्या गोगलगायीची चादर तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती यांची. आमच्या लग्नाच्या वर्षी काढलेली. मी लाँड्रीत घड्या घालायचं काम करते, तर आजही आठवड्याला दोन-चार गोगलगायी माझ्या हाताखालून जातात. धुऊन धुऊन फिक्या पडल्यात, पण बसल्यात आपल्या पानावर. पूर्वी मी बाजूच्या बाईला कोपर मारून सांगायची, "ही आमच्या घरची बरं का!"

मग कंपनीनं जागा सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, घरून काम करा. झालं! हे येऊन बसले ते थेट जेवणाच्या टेबलावर. तिथे आधीच सासूबाईंच्या गोळ्या, लेकीच्या वह्या, माझी चिरायची भाजी, आणि आता एका कोपऱ्यात हे, कागद छातीशी धरून. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही असा लावतात की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा घ्यायची गरज नाही. लेक बासरी शिकते. शिकते म्हणायचं आपलं. वरचे लोक दिवसभर कपाट सरकवतात, कुठून कुठे नेतात देव जाणे. यात वर्ष गेलं आणि एक म्हणून नवा छाप निघाला नाही.

शेवटी साहेबांनी बजावलं, हंगाम संपायच्या आत सहा नवे छाप द्या, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. यांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना घास तसाच धरून मला म्हणाले, "मला दुसरं काही येत नाही गं. हे गेलं तर मी कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही ते तुम्हीच," मी म्हटलं.

मी दादाला फोन लावला. माझा हा भाऊ बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने त्याचा फ्लॅट बंदच. दादा म्हणाला, "अगं, जागा बदलली की डोकं चालायला लागतं. आमच्याकडे यावर एकाचं भाषण ठेवलं होतं. किल्ली शेजारी आहे, खुशाल घे." मला भाषणाची गरज नव्हती, मला ते कधीचंच पटलेलं. मी सुट्टी काढली, जाळी झाडली, फरशी पुसली, टेबल खिडकीशी ओढलं. खिडकीबाहेर एक झाड. आवाज म्हणाल तर फ्रीजचासुद्धा नाही, तो दादानं बंद करून ठेवलेला. मी त्या खुर्चीत पाच मिनिटं टेकले, तर मलाच वाटायला लागलं, काढावं काहीतरी.

हे रोज डबा घेऊन तिकडे जायला लागले. आणि काय सांगू, माणूसच बदलला! संध्याकाळी जिन्यातून शीळ घालत वर यायचे. टीव्हीवर राग नाही, कपाटावर नाही. "होतंय का?" विचारलं की, "होतंय, होतंय." मी फार खोदून विचारलं नाही. म्हटलं, उगाच नजर लागायची. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि काळजीनं विचारलं, "हा हल्ली ओरडत नाही गं. बरं नाही का त्याला?" मी पोट धरधरून हसले. एका रविवारी हे लेकीलाही सोबत घेऊन गेले. ती कोपरापर्यंत रंगून परत आली. म्हटलं, चला, यांनी आता मदतनीससुद्धा ठेवलीय.

मग एका दुपारी लाँड्रीतलं मशीन बिघडलं आणि आम्हाला लवकर सोडलं. म्हटलं, बघून तरी येऊ. दादाच्या फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. समोरच्या भिंतीवर चित्रंच चित्रं! जांभळं झाड, त्याला मासे लगडलेले, फांदीवर हिरवी मांजर छत्री घेऊन बसलेली. असलं काही यांनी जन्मात काढलं नव्हतं.

"अहो, जमलं की! आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीत!"

हे खिडकीशी बसले होते. वळून कसनुसं हसले. "ती मनीची आहेत." मनी म्हणजे आमची लेक. "एका दुपारी काढली तिनं सगळी. हात थांबतच नव्हता पोरीचा. जागा चांगली आहे गं, दादाचं खरं होतं."

"आणि तुमची?"

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टोक केलेल्या पेन्सिली ओळीनं लावलेल्या आणि मध्ये कागद. कोरा.

माझा भडका उडाला. "मग रोज होतंय, होतंय, ते काय होत होतं? मी इथे गुडघे टेकून फरशी पुसली, घरी सगळ्यांना दम दिला, बाबा दमून आलेत, त्रास देऊ नका! आणि तुम्ही इथे झाड बघत बसलात?"

"ओरड," हे म्हणाले. "जरा बरं वाटतंय. इथे कुणी ओरडतच नाही."

मी तिथेच फरशीवर टेकले.

"घरी वाटायचं, तो टीव्ही थांबला की सुचेल. कपाट थांबलं की सुचेल. रोज वाटायचं, अगदी खात्रीनं. इथे सगळं थांबलं. मी बसलो. आणि काहीच आलं नाही गं. आत काही नाहीच आहे. तिकडे निदान चिडायला टीव्ही होता."

मग कळलं, साहेबांचा फोन आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता. नव्याची वाट बघून थकले म्हणाले. ती गोगलगायच पुन्हा छापणार आहेत, निळ्या रंगात. तरी हे रोज डबा घेऊन इथे येत होते, एकटे बसून खात होते, आणि संध्याकाळी आमच्या जिन्याशी पोचलं की शीळ सुरू करत होते.

"आईला आणि मनीला एवढ्यात सांगू नकोस," म्हणाले. "आणि उद्यापासून घरीच बसू का मी?"

एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. पण त्या दिवशी मला सरळ रडू आलं. "बसा," एवढं कसंबसं म्हटलं. मग दोघांनी मिळून मनीची चित्रं भिंतीवरून उतरवली. एकाचाही कोपरा फाटू दिला नाही त्यांनी.

दुसऱ्या दिवशी हे आपले टेबलाच्या कोपऱ्यात बसले, पुढ्यात कागद, हातात पेन्सिल. सासूबाईंना बसल्या बसल्या डुलकी लागली होती आणि टीव्ही बंद होता. मनी शाळेत, आणि लाँड्रीचं मशीन अजून बंदच, म्हणून मी घरी. वरच्यांच्या कपाटालाही एकदाची जागा सापडली असावी. घरात इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. भांडी पुसताना मान वर केली, तर हे कागदाकडे बघत होते, आणि चेहरा तोच, कालचा, खिडकीशी बसलेला. डोळे भरत चालले होते त्यांचे.

मी उठले आणि मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. सासूबाई दचकून जाग्या झाल्या.

यांनी पेन्सिल टेबलावर आपटली. "अगं ए! या गोंगाटात माणसाला सुचणार तरी काय?"

"थांबा हो जरा," मी मिक्सरच्या वरताण ओरडले, "होतच आलंय!" आणि तो तसाच चालू ठेवला.