उपांत्य सामन्यातला टोला

मित्रांनो, मी हॉकीच्या एका गोलरक्षकाचे जुने हेल्मेट आहे. समोर तारांची जाळी, आत जाड स्पंज आणि हनुवटीखाली पट्टा. कारखान्यात माझ्यासारखी ढिगाने तयार होत, पण मला निवडले ते प्रशिक्षकांनी. आपल्या लाडक्या गोलरक्षकाच्या डोक्यावर मला चढवून त्यांनी स्वतः पट्टा आवळला. "मान हलव बघू. टोचत नाही ना कुठे?" त्यांनी मायेने विचारले.

पुढची वर्षे मजेत गेली. चेंडू सणसणत यायचा, माझा गोलरक्षक झेप घ्यायचा. सामना जिंकला की सगळा संघ माझ्यावर टपल्या मारायचा.

मग उपांत्य सामना आला. एक टोला थेट माझ्या कपाळावर बसला आणि मला आडवा तडा गेला. माझा गोलरक्षक कसाबसा उठला, त्याने सामना पुरा केला, संघ जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत मात्र तो भिंतीला धरून ओकला. डॉक्टरांनी बजावले, "डोक्याला मार आहे. पूर्ण विश्रांती."

संघाचे व्यवस्थापक ऐकेनात. माझ्यावर बोट आपटून ते म्हणाले, "टोला याला बसलाय, तुला नाही. अंतिम सामन्याला नवीन देतो. नाटकं पुरे."

"साहेब, मला एकाचे दोन चेंडू दिसतायत."

"मग दोन्ही अडव!"

तो प्रशिक्षकांकडे वळला. "सर, तुम्ही तरी सांगा ना."

प्रशिक्षकांची नोकरी व्यवस्थापकांच्या हाती होती. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. "निदान पहिला अर्धा खेळ. मग बदलतो तुला."

"तुमचा मुलगा असता तर खेळवलं असतंत?"

"संघापेक्षा मोठा झालास का रे?" ते ओरडले, पण त्यांचा आवाज फाटला.

अंतिम सामन्यात तो खेळला नाही. संघ हरला आणि खापर त्याच्यावर फुटले. "ऐन वेळी कच खाल्ली त्यानं," असे पत्रकारांना सांगून व्यवस्थापकांनी त्याला संघातून काढले. प्रशिक्षक तिथेच उभे होते. त्यांनी तोंड उघडले नाही. मला काखोटीला मारून तो घरी परतला.

बऱ्याच महिन्यांनी प्रशिक्षक त्याच्या घरी आले. आईने दार उघडले, पण "या" म्हटले नाही. त्यांच्या हातात नवे कोरे हेल्मेट होते.

"तो संघ सोडला मी," ते त्याला म्हणाले. "चुकलो रे. दुसऱ्या संघात चल माझ्याबरोबर."

त्याने ते हेल्मेट हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. "डोकं बरं झालंय, सर. पण चेंडू येताना दिसला की डोळे आपोआप मिटतात. रोज प्रयत्न करून पाहिला. नाही जमत."

प्रशिक्षक पायरीवर मटकन बसले. आईने आतून पाण्याचा पेला आणून त्यांच्याजवळ ठेवला.

मित्रांनो, त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी सगळे ऐकले, पण मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे. तुमच्याबरोबर खेळणारा कुणी "दुखतंय" म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मोठी माणसे ऐकत नसतील, तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा आणि तुम्हीही सांगा. त्याला एकट्याला बोलायला लावू नका.