कोरा रंधा

मास्तरांनी सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरला. दुसऱ्या हातातली कानस खाली ठेवायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"बाबा, जपून. काचेला लागेल," सून म्हणाली.

फोनवर एका रंध्याचा फोटो होता. काळपट, घट्ट रेषांचं लाकूड, मागच्या बाजूला तळहात बसेल अशी गोलाई, पुढे ठोकलेला बारीक आकडा, ४१२. खाली लिहिलं होतं, 'नामवंत कारागिराच्या हातचा. एकदाही न वापरलेला. तळावर ओरखडा नाही. मूळ पेटीसह.' त्याखाली बोलीची रक्कम. लिलाव आज दुपारी चारला बंद होणार होता.

"आपण दिला त्या किमतीच्या अकरापट झालाय," सून म्हणाली. तिला खरोखर कौतुक वाटत होतं. "आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय बघा. उतारवयातही हाताला काय जादू आहे म्हणून."

मास्तर पहिल्याच दोन ओळींवर अडकले होते.

"न वापरलेला," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "एकदाही."

सुतारकामातली झाडून सगळी माणसं त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, आणि शाळेनंही त्यांना फारसं शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं ते फक्त रंधे बनवत आले होते. महिन्याला एक, तोही मनासारखा उतरला तर. त्यासाठी माणसं चार-चार वर्षं थांबत. मास्तरांचा नियम एकच होता, रंधा कामाच्या माणसालाच मिळेल. घ्यायला येणाऱ्यानं आधी तळहात दाखवायचे. एका कारखानदारानं दिवाणखान्यात मांडायला रंधा मागितला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं होतं, "मांडायला चिनी मातीचं कुत्रं घ्या. त्याला धार लावावी लागत नाही." ही गोष्ट सुतार एकमेकांना अजून सांगत, आणि दर वेळी त्या कुत्र्याचा आकार वाढत असे.

चारशे बारा नंबर कुणाकडे गेला, हे त्यांना वही न उघडता ठाऊक होतं. खुर्चीवालीकडे. सहा महिने त्यांच्याकडे राहून ती धार लावायला शिकली होती. पुढे तिनं स्वतःचं खुर्च्यांचं दुकान काढलं तेव्हा मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडली आणि सतरा जणांना मागे ठेवून तिला रंधा दिला. तीन वर्षं झाली त्याला.

"फोन करून विचारूया का?" सुनेनं विचारलं.

"फोनवर तोंड दिसत नाही."

"मग निदान दोन घास खाऊन निघा."

"पोट भरलंय," मास्तर म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.

बसमध्ये दोन तास ते मनातल्या मनात वाक्यं तासत बसले. काही फारच लांब होती, ती त्यांनी कापली. काहींत शिव्या होत्या. मुलीच्या वयाच्या बाईला त्या देता येणार नाहीत म्हणून काढल्या, मग एक परत घातली. शेजारच्या माणसानं खिडकी उघडू का म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले. तो बिचारा पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसला.

खुर्चीवालीचं दुकान टायरवाल्याच्या मागे होतं. ती पाठमोरी उभी राहून खुर्चीच्या एका सुट्या पायाचं टोक तपासत होती. आसपास सात-आठ खुर्च्या, काही बिनपाठीच्या, काही तीन पायांवर. कामाच्या टेबलावर कारखान्यात बनलेला लोखंडी रंधा पडला होता, मूठ फडक्यानं गुंडाळलेली. तो दिसला मात्र, मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं त्या आगीत जळाली.

"यानं काम करतेस तू?" ते दारातूनच म्हणाले.

ती दचकून वळली. मास्तरांना बघून तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि लगेच विझला.

"बसा मास्तर."

"बसायला नाही आलो. सतरा माणसं ठेवली मी मागे तुझ्यासाठी. त्यातला एक वाट बघून बघून वारला. आणि तू तीन वर्षं पेटीत घालून ठेवलास, भाव चढावा म्हणून?"

"तसं नाही."

"मग कसं? अडचण होती का? मला सांगायचंस. मी काय दार लावून घेतलं असतं?"

"अडचण नव्हती."

"म्हणजे नुसताच लोभ. बरं झालं, स्वच्छ कळलं."

तिनं हातातला पाय टेबलावर ठेवला आणि हात चोळत उभी राहिली. तिनं भांडावं, उलट बोलावं, असं मास्तरांना वाटत होतं. समोरचा गप्प राहिला की राग एकट्यालाच वाहावा लागतो.

"कुठाय तो?"

"कपाटात. चारनंतर पाठवायचाय."

"काढ."

तिनं पेटी आणून समोर ठेवली. मास्तरांनी झाकण उघडलं, मऊ कापड बाजूला केलं. रंधा देखणा होता, त्यात शंकाच नव्हती. ते क्षणभर निवले. मग म्हणाले, "फळी दे."

"नको, मास्तर. कोरा राहू दे."

"माझ्या रंध्याला मी फळी दाखवायची नाही?"

तिनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि एक सरळ रेषांची फळी टेबलाच्या चापात आवळून दिली. मास्तरांनी पातं बसवलं, पाचर ठोकली, पायांत अंतर घेतलं आणि रंधा पुढे लोटला.

रंधा थरथरत, अडखळत गेला. फळीवर एकामागून एक आडव्या लाटा उठल्या, वाळूवर उठतात तशा. रंध्याच्या तोंडात भुसा अडकून बसला.

मास्तरांनी पातं मागे घेतलं, पाचर आणखी आवळली, पुन्हा लोटला. पुन्हा लाटा.

"फळी ओली आहे."

"दोन वर्षं वाळलेली आहे," ती हळू म्हणाली.

"दुसरी दे."

दुसरीवरही तेच झालं. मास्तरांनी रंधा खाली ठेवला आणि चिडून तिचा लोखंडी रंधा उचलला. दोन हातांत फळी गुळगुळीत झाली. तो लोखंडी रंधा त्यांनी असा काही बाजूला सारला, जणू त्यानं त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं होतं.

"तू वापरला होतास," ते म्हणाले.

"आठवडाभर. मग तळ साफ करून ठेवून दिला."

"आणि लिहिलंस, एकदाही नाही."

"इथं येणारा प्रत्येक सुतार तो चालवून बघायला मागतो, म्हणून विकायला काढला. वापरलेला म्हटलं असतं तर कुणीतरी कामाचा माणूस घेऊन गेला असता. कोरा म्हटलं की हौशी लोकच बोली लावतात. त्यांच्या काचेच्या कपाटात तो नीट राहिला असता. लाकडावर कुणी लावला नसता."

मास्तरांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पातं काढलं, रंधा उजेडाकडे धरला आणि आतल्या उतरत्या बैठकीवर बोट फिरवलं. पातं याच बैठकीवर टेकतं. ती केसभर जरी वरखाली असली तरी पातं डुगडुगतं. लोक पट्टी लावतात, पेन्सिल घासून बघतात. मास्तरांनी चाळीस वर्षं फक्त बोट लावलं होतं.

"सपाट आहे," ते म्हणाले.

"मधे खोल आहे, मास्तर. डावीकडे उंचवटा आहे. परत फिरवा."

"फिरवतोय ना."

"आत्ता बोट त्याच्यावरच आहे तुमचं."

मास्तर आपल्या बोटाकडे बघत राहिले. शर्टाची बटणं लागेनाशी झाली तेव्हा त्यांनी गळ्यातून घालायचे सदरे शिवून घेतले होते, आणि उन्हाळ्यात बरे पडतात म्हणून सुनेला सांगितलं होतं. चहाचा कप दोनदा सुटला, तेव्हा कपाला शिव्या घातल्या होत्या. त्यांनी अंगठ्यानं बोटाचं टोक दाबलं. दुसऱ्याच कुणाचं तरी बोट दाबावं तसं वाटलं.

टेबलावरचा फोन थरथरला. बोली आणखी चढली होती.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांचा आवाज पुन्हा वर गेला. "सहा महिने माझ्या घरचं खाल्लंस. तोंड नव्हतं तुला?"

"सांगायला आले होते. त्याच महिन्यात, पेटी घेऊन."

"कधी?"

"तो खिडक्या करणारा आला होता त्या दिवशी. पातं थरथरतं म्हणत होता. तुम्ही त्याला म्हणालात, नाचता येईना अंगण वाकडं. त्याचा रंधा त्याच्या हातात कोंबून बाहेर काढलंत. मी फाटकातच उभी होते. तशीच परत फिरले."

मास्तरांना तो माणूस आठवला. गरीब चेहऱ्याचा, सारखा माफी मागत बोलणारा. हा पाणउतारा त्यांनी नंतर दोन-तीन जणांना रंगवून सांगितलाही होता.

"आणखी कुणाकुणाला माहीत आहे?"

ती टेबलावरचा भुसा हातानं एका बाजूला सारू लागली.

"विचारतोय मी."

"चारशे पाच-सातच्या पुढचे ज्यांच्याकडे आहेत त्यांना. आम्ही आपसांत बोलतो. कुणी बैठक स्वतःच दुरुस्त करून घेतली. बाकीच्यांचे पेटीत आहेत."

"आणि सगळे मला पत्रं पाठवता. रंधा लोण्यासारखा चालतो म्हणून."

"तुमच्याबद्दल वाईट..."

"माझी कीव केलीत," मास्तर म्हणाले. इतका वेळ ते ओरडत होते. आता आवाज खाली आला आणि तो जास्त वाईट होता. "तीस माणसं. समोर मास्तर मास्तर करायचं, आणि पाठीमागे म्हाताऱ्याला कळत नाही म्हणून चुचकारायचं. त्यापेक्षा दगड मारले असते तर बरं. अगं, मी खराब माल विकला लोकांना. तीस वेळा. आणि वर तळहात तपासले त्यांचे."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नाही. "चुकलंच आमचं," ती म्हणाली. "पण तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं म्हणजे सोपं असतं, असं वाटतं का तुम्हाला? सहा महिने राहिले मी तिथे. तुमची चूक झाली असं एकदा तरी तुमच्या तोंडून ऐकलंय का मी?"

अखेर ती भांडली होती. मास्तर कोपऱ्यातल्या बिनपाठीच्या खुर्चीवर बसले. टायरवाल्याकडे हवा भरायचं यंत्र सुरू झालं, बराच वेळ चाललं, थांबलं.

"लिलाव बंद कर," ते म्हणाले.

"बोली लागल्यावर कारण द्यावं लागतं."

"दे."

तिनं फोन घेतला. "त्यांची यादी असते, त्यातलंच निवडायचं. वस्तू हरवली. वस्तू मोडली. वर्णनात चूक."

"त्यातलं खरं कुठलं?"

तिनं एका ठिकाणी बोट टेकवलं आणि फोन पालथा ठेवला. साडेतीन वाजत होते.

"पटाशी घे. अर्ध्या इंचाची," मास्तर म्हणाले. "पात्याच्या पाठीला पेन्सिल फास आणि बसवून काढ. काळं कुठे लागतंय बघ."

"मी?"

"मग काय मी? आत्ताच सांगितलंस ना माझ्या बोटांचं. हात तुझे, डोळे माझे. चल."

पेन्सिल नवशिक्यांना लागते, असं त्यांनीच तिला एके काळी शिकवलं होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. ती पातं बसवी, काढी, मास्तर वाकून बघत आणि सांगत. "डावीकडे. खरवड नुसती, खणू नकोस. हात काय वल्हं मारतोय का? बारीक." ते तिला टाकून बोलत होते आणि ती निमूट ऐकत होती. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हातारा फारच तिरसट आहे, एवढंच त्याला दिसलं असतं. सात-आठ वेळा पातं आत-बाहेर झालं. शेवटी काळा डाग सगळ्या बैठकीवर सारखा उमटला.

तिनं पाचर ठोकून रंधा फळीवर लोटला. आवाज बदलला होता. लांब, अखंड, झिरझिरीत साल तोंडातून वर आली आणि गुंडाळत तिच्या मनगटावर पडली. तिनं ती मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती चिमटीत धरली. जाड की पातळ, काही कळेना. मग त्यांनी ती दाराच्या उजेडात उचलली. साल पारदर्शक होती. पलीकडचे टायर दिसत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. रागीट माणसाकडून याहून मोठी शाबासकी येत नाही. ती फक्त पदराला हात पुसत राहिली.

मास्तरांनी साल टेबलावर ठेवली, नीट, जणू ती कुणाला द्यायची होती.

"त्या खिडकीवाल्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

तिनं नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. बरीच घंटी वाजली. मग पलीकडून करवतीच्या घरघरीत कुणीतरी "कोण?" म्हणालं.

"मास्तर बोलतोय. रंधेवाला."

घरघर बंद झाली. मास्तरांनी घसा साफ केला. नंतर निघाला तो त्यांचा नेहमीचाच, दटावणीचा सूर होता.

"ऐक. तो रंधा घेऊन उद्या सकाळी माझ्याकडे..." ते थांबले. खुर्चीवालीनं फोन दुसऱ्या हातात घेतला, पण कानापासून हलवला नाही.

"नाही, थांब," मास्तर म्हणाले. "तू कशाला येतोस. पत्ता सांग. मी येतो."