सहा आठवडे माझ्याकडे येऊ नका

मी झोळी बोलतेय. तान्ह्या बाळाची छोटी झोळी नव्हे. ब्राझीलमधल्या आमच्या जाग्वारुआना गावात भिंतीला दोन कड्या ठोकतात, त्यांना माझ्यासारख्या झोळ्या अडकवतात आणि सगळं घर त्यांतच झोपतं. कुणाला ताप आला, कुणी बाळंत झाली, कुणाची कंबर धरली, की आधी झोळीत निजवतात, मग औषधाचं बघतात. खाट असते घरात, पण तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो.

माझं कापड कारखान्यातल्या मागावर विणलं, पण दोन्ही काठांची झालर देजानीरानं हातानं केली. तिचं कामच ते. दिवसभर खिडकीशी बसून, मान खाली घालून, गाठीवर गाठ. माझी झालर इतकी मनासारखी उतरली की तिनं काम देणाऱ्या व्यापाऱ्याला दुसरी झोळी दिली आणि मला ठेवून घेतलं. अकरा वर्षं ती माझ्यातच झोपली.

माणसाचं वजन मला चांगलं कळतं. तीन वर्षांमागं तिच्या रक्तात साखर निघाली. तिनं गोड सोडलं, पहाटे चालायला लागली आणि वर्षभरात बावीस किलो उतरली. अंग उतरलं, पण हनुवटीखालची कातडी तेवढी लोंबत राहिली.

"देजा, बैलासारखं गळकंबळ आलंय गं तुला," तिची थोरली बहीण आल्झेनीर म्हणायची. देजाही हसायची. पण दुपारी माझ्यात पडली की ती कातडी दोन बोटांत धरून मागं ओढायची आणि तशीच धरून ठेवायची. हात दुखला की सोडायची. हे मला एकटीलाच ठाऊक.

एकदा आल्झेनीर फोर्तालेझा शहराहून आली होती. देजा तिला म्हणाली, "ताई, मी मानेचं ऑपरेशन करून घेणार आहे."

"साठीला टेकलीस. आता कुणाला दाखवायचीय मान?"

"मला. काम करताना खिडकीच्या काचेत दिवसभर तीच माझ्यासमोर असते."

"आणि मेलीस तर?"

"मग शवपेटीत छान दिसेन. तू सगळ्यांना बोलावून दाखव."

देजानं कॉफीनंतरची सिगारेट सोडली, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की धूर घेणाऱ्याची जखम भरत नाही. डॉक्टरांनी तिला सगळं उलगडून सांगितलं होतं. दोन्ही कानांमागं छेद, हनुवटीखाली एक लहान छेद, आतले सैल स्नायू मधोमध शिवायचे, जास्तीची कातडी कापायची. वर म्हणाले, "तुम्ही विशीच्या दिसणार नाही. मान तुमच्याच वयाची राहील, फक्त लोंबणार नाही. आणि पहिले दोन आठवडे आरशात बघून पस्तावाल." असं तोंडावर सांगणारा माणूस तिला पटला.

ऑपरेशन फोर्तालेझात, मुक्काम आल्झेनीरकडं. आमच्याकडं पाहुणा आपली झोळी आपणच नेतो, म्हणून पिशवीत मीही निघाले.

दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं, तेव्हा मी तिला ओळखलं ते आवाजावरून. डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट पट्टा, कानांमागून आलेल्या दोन नळ्या, त्यांच्या टोकाला लाल पाणी साठवणारे रबरी फुगे. गाल सुजलेले, मान जांभळी. "दुखत फार नाही," ती म्हणाली. "आवळल्यासारखं होतंय. आणि कान माझे नाहीतच असं वाटतंय." ती रात्र तिनं खुर्चीत जागून काढली.

दुसऱ्या दुपारी आल्झेनीरनं दवाखान्यानं दिलेला सूचनांचा कागद हातात घेतला. "पाठीवर झोपा. डोकं उंच ठेवा. हे बघ, यालाच तर झोळी म्हणतात."

"खाटेवर, उशा लावून, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या."

"नर्सबाईंना काय ठाऊक. उशांचा डोंगर रचून कोण झोपतं? तू काय आमदाराची बायको आहेस?"

"कागद पुरता वाचलास का, ताई?"

"चष्म्याशिवाय दिसला तेवढा वाचला."

त्याखालच्याच ओळीत लिहिलं होतं, हनुवटी छातीकडं झुकू देऊ नका. देजा बिचारी झोपेनं झुलत होती. जन्मभर ज्यात बरी झाली त्यात आज पडायला का घाबरायचं, असं तिला वाटलं असणार. आल्झेनीरनं मला कड्यांना अडकवलं आणि देजा माझ्यात शिरली.

मला जे येतं ते मी केलं. मधे खाली गेले, दोन्ही टोकांनी वर आले. तिची पाठ वाकली, डोकं पुढं आलं, हनुवटी पट्ट्यासकट छातीला टेकली. मला ते कळलं. पण झोळीला सरळ होता येत नाही. दीड तास ती गाढ झोपली. उठताना माझ्या दोऱ्या धरून, दात आवळून तिनं स्वतःला वर खेचलं.

थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, डावीकडं काहीतरी ताठतंय."

"सूज येणारच की. डॉक्टर बोलले नव्हते?"

"सूज दोन्हीकडं असते. ही एकाच बाजूला आहे, दगडासारखी. आणि वाढतेय."

कागदावरची ती ओळ तिनं ऑपरेशनआधी तीनदा वाचली होती. एकाच बाजूला एकाएकी कडक सूज, दुखणं वाढतंय, श्वास जड होतोय, तर वाट बघायची नाही, तडक यायचं.

"कॉफी टाकलीय, घोटभर घे आणि मग," आल्झेनीर म्हणाली.

"आत्ता, ताई." देजा दारात उभीसुद्धा राहिली होती. आल्झेनीर एका पायात आपली आणि एका पायात देजाची चप्पल घालून तिच्यामागं धावली.

मी रिकामी लोंबत राहिले. दोन दिवस माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

परत आल्या तेव्हा कळलं. आत रक्त साकळलं होतं. जखम पुन्हा उघडून ते काढावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर श्वास अडला असता. मान दुमडल्यामुळं झालं, उठताना जोर केल्यामुळं झालं, की तसंही झालंच असतं, ते डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. मलाही येत नाही. पण तिची हनुवटी छातीला टेकलेली मला अजून जाणवते.

आल्झेनीर झग्याच्या टोकाला डोळे पुसत होती. "माझ्या हातानं मारलं असतं मी तुला."

"रडू नकोस, मला हसू येतं. हसलं की टाके ओढतात," देजा पुटपुटली. "झोळी सोड कडीवरून. सहा आठवडे मला दिसता कामा नये."

मी पिशवीत गेले. पिशवी तिच्या खुर्चीखालीच होती, त्यामुळं ऐकू सगळं यायचं. ती टेकून बसून झोपायला शिकली. बिनमिठाचं कोंबडीचं पाणी प्यायची आणि रोज त्याला नावं ठेवायची. बादली उचलायची नाही. कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खी वळायची. नळ्या निघाल्या, मग टाके निघाले. जांभळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं. तिसऱ्या आठवड्यात आरशासमोरून आली ती तडक खुर्चीत बसली. डावी बाजू अजून फुगलेली होती.

"एवढं सोसून हा भोपळा," आल्झेनीर म्हणाली.

"डॉक्टर म्हणालेत, तीन महिने आरशाचं ऐकायचं नाही. तुझंही ऐकणार नाही."

सहा आठवडे भरले, तसं तपासून घेऊन तिथूनच गावची बस धरायची ठरलं. म्हणून मीही पिशवीतून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मान चांगली भरली म्हणून सांगितलं. डाव्या कानामागचा वण मात्र जाड राहील म्हणाले. देजा उठली नाही. तिनं तो कागद नर्सबाईंसमोर ठेवला.

"यात लिहा. झोळीत झोपू नका."

"पाठीवर, उशा लावून, असं सांगतो की आम्ही."

"तुम्ही कुठल्या?"

"दक्षिणेतली. पोर्तो आलेग्रीची."

"झोळीत कधी झोपलात?"

"समुद्रावर एकदा. फोटोपुरती."

"इथं येणाऱ्या बायका जन्मापासून झोळीत झोपतात. पाठीवर आणि डोकं उंच म्हटलं की त्यांना झोळीच दिसते. माझ्या बहिणीला दिसली. ती मूर्ख नाही."

"बरं, सांगत जाईन मी सगळ्यांना," नर्सबाई म्हणाल्या.

"सांगू नका, लिहा. बस गेली तर जाऊ दे. मी बसते."

ती बसली. बस गेली. शेवटी डॉक्टर बाहेर आले, उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि पेन मागून घेतलं. यंदा आमच्या गल्लीतली एक बाई अशाच ऑपरेशनला जायची म्हणून देजाला विचारायला आली, तेव्हा तिच्या हातात नवा कागद होता. त्यावर ते छापलेलं होतं. सिगारेट नको, खारं नको, जड उचलणं नको, झोळी नको.

वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. मी पुन्हा जाग्वारुआनात माझ्या कड्यांवर आहे. देजा माझ्यातच झोपते. दोन बोटांनी मान आता ओढत नाही, हात पोटावर ठेवून पडते.

माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. मान शिवून आलात तर सहा आठवडे माझ्याकडे येऊ नका, कितीही झोप आली तरी. मला 'नाही' म्हणता येत नाही. जो येईल त्याच्या वजनानं मी वाकते. ते 'नाही' तुम्हालाच म्हणावं लागेल.