ढगळ बेतलेली जाहिरात

बाप शिंपी, आणि लेकीने लोखंडाच्या भेगा वाचण्यात उमर घालवली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिचं एक यंत्र होतं. ते सळईला वाकवायचं, सोडायचं, पुन्हा वाकवायचं, ती तुटेपर्यंत. कुठून तुटेल हे आधी ओळखणं, हे हिचं काम. सगळे तिला ताई म्हणत. मान होता, पण नोकरी कंत्राटी. दरसाल संपायची, दरसाल नव्याने मिळायची.

अखेर एक कायम जागा निघाली. ही हुकली तर पुढच्या जागेपर्यंत ताईचं वय अटीबाहेर जाणार होतं. विभागप्रमुख सरांनी तिला बोलावलं.

"जाहिरातीचा मसुदा तूच कर. अगदी तुझ्या अंगाबरोबर बेत. भेगांचा अभ्यास, या यंत्राचा अनुभव, सगळ्या अटी घाल."

"सर, असं चालतं?"

"सगळीकडे चालतं. शिंप्याची पोर ना तू?"

तिथेच तर घोडं अडलं. तिच्या बापाने, आप्पांनी, जन्मात गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधी घरात ठेवली नव्हती. लहानपणी हिने बाहुलीसाठी मखमलीचा तुकडा उचलला, तर हाताला धरून तो परत द्यायला नेलं होतं. रडून रडून डोळे सुजले होते पोरीचे.

ताई लिहायला बसली आणि हात अडला. तिने एवढंच लिहिलं : धातूंवर संशोधन केलेला उमेदवार.

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, हा सदरा अख्ख्या गावाला होईल!" पण सही केली.

अर्जांचा ढीग पडला. निवड समिती बाहेरची. जागा मिळाली वितळत्या धातूंवर काम केलेल्या एका तरुणाला. हुशार होता, आणि वर भला माणूस. म्हणजे राग काढायचीही सोय नाही.

ताईच्या कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी तो यंत्र समजून घ्यायला आला. आत सळई वाकत होती.

"ताई, ही कधी तुटेल?"

"वेळ आहे. भेग आतच आहे अजून."

"तुटली की तुम्हाला फोन करू?"

"नको," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "बरं, करा."

निकाल तिने घरी अजून कळवला नव्हता. बाहेर पायरीवर बसून तिने फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन खडखडत होती.

"काय गं पोरी, झालीस कायम?"

तिने सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते, आपण काय लिहिलं तेही. मशीन थांबली.

"आप्पा? ऐकताय ना?"

"तो मखमलीचा तुकडा," आप्पा म्हणाले, "तुला ठेवू द्यायला हवा होता गं."

'नाही आप्पा, बरोबरच केलंत,' असं तिला म्हणायचं होतं. पण तिने फोन नुसता कानाशी आणखी दाबून धरला, आणि पलीकडे मशीनही पुन्हा सुरू होईना.