माझ्या पोटातली खाडी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि मला घाणीचा फार तिटकारा आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या वाट्याला जे आले ते ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मीही मुरडले असते, पण बरणीला नाक नसते, नुसते तोंड असते.

अमळनेरच्या बाजारात सरलाबाईच्या आईने मला टिचकी मारून, आवाज ऐकून निवडले. लेक लग्न होऊन सुरतेला निघाली, तेव्हा मला कैरीच्या लोणच्याने गच्च भरून, तोंडाला दादरा बांधून तिच्या मांडीवर दिले. बमरोलीच्या चाळीत सरलाबाईचा नवरा लूमवर कामाला होता. लूमच्या खडखडाटाने तिथल्या भिंतीसुद्धा थरथरत, पण फळीवर माझी जागा पक्की होती. सरलाबाईचा कायदा एकच, ओला चमचा लोणच्यात जाता कामा नये. नवऱ्याने एकदा वरणाचा चमचा तसाच बुडवला, तर आठवडाभर त्याच्या ताटात लोणचे पडले नाही. अशा शिस्तीच्या घरात मी वाढले.

त्यांची लेक हर्षदा. ती रिंग रोडच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइने काढते. तीच ती कोयरी, तोच तो वेल, फक्त रंग बदलायचे. हात सोन्याचा, पण कामाला कंटाळलेली. एकदा ती घरी आली ती नाचतच. शहरातल्या एका जीवशास्त्राच्या संस्थेने चित्रकार मागवले होते. निवड झाली तर प्रयोगशाळेत बसायचे, सूक्ष्मदर्शकातून जिवाणू बघायचे आणि त्यांची चित्रे काढायची. मुलाखतीला स्वतःचे काहीतरी करून आणा, असेही सांगितले होते.

स्वतःचे काहीतरी म्हणजे काय, तर या पोरीने मला रिकामी बघून उचलले आणि थेट खाडीवर नेले! बमरोलीची खाडी तुम्ही पाहिली नसेल तर सुखी आहात. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या पाण्याने कधी जांभळी, कधी लाल, आणि वास असा की कुत्रेसुद्धा लांबून वळसा घालते. तिथला काळा गाळ तिने माझ्या पोटात ओतला. त्यात फाडलेले वर्तमानपत्र, आणि वर अंड्याचा बलक, आतल्या जिवाणूंना खाऊ म्हणून. अंडे! लोणच्याच्या बरणीत! मला इतकी शिसारी आली की फुटून जावे असे वाटले. मग मला गच्चीवर उन्हात ठेवले, आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत बसले.

"हाई काय शे व माय? इतली घाण मनी बरणीमा?" सरलाबाई वर येऊन ओरडली.

"आई, मुलाखतीचं काम आहे. मी सांगेन तोवर हात नको लावू," हर्षदा म्हणाली.

आणि काही आठवड्यांनी, मित्रांनो, गाळ हलू लागला. हलू लागला म्हणजे रंगू लागला. त्या घाणीत जे जीव दडले होते, ते उन्हाकडे बघून आपापल्या थरात जाऊन बसले. वर मेहंदी, मग गाजरी, त्याखाली वाइन. साडीच्या बाजारातली ही नावे हर्षदाच त्यांना देई, आणि समोर बसून चित्र काढी. कोयरी नाही, वेल नाही. मला किळस येतच होती, खोटे कशाला बोलू? पण पूर्वी मला बघायला कधी कुणी असे तास न् तास बसले नव्हते.

मुलाखतीच्या सकाळी तिने मला खाली आणले, दुपट्ट्यात बांधले आणि आईला म्हणाली, "आज ही बरणी मोठ्या लोकांसमोर ठेवायची आहे." एवढे बोलून ती अंघोळीला गेली.

सरलाबाई माझ्याकडे बघत उभी राहिली. पोर मोठ्या लोकांसमोर ही घाण ठेवणार! तिने गाठ सोडली. माझ्या पोटातली सगळी खाडी मोरीत गेली. मेहंदी गेली, गाजरी गेली, वाइन गेली. कढत पाण्याने मला घासूनपुसून कोरडे केले. पण परक्याच्या दारी रिकामे भांडे न्यायचे नसते, म्हणून मोठ्या डब्यातले लोणचे काढून मला काठोकाठ भरले आणि दुपट्टा होता तसा बांधला. मी तर खूश झाले. सुटले बाई एकदाची, असे मला वाटले.

संस्थेत मोठ्या टेबलाशी साहेब लोक बसले होते. हर्षदाने हसत गाठ सोडली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, अथाणुं!" एक साहेब लोणचे बघून गुजरातीत म्हणाले. "जरा चाखवा दो ने!"

चहा ढवळलेला ओला चमचा माझ्यात घुसला. मग दुसरा. मग एकाने सरळ बोटेच घातली, चाटली, आणि पुन्हा घातली. तेलाच्या त्याच बोटांनी त्यांनी हर्षदाची चित्रे चाळली. वाइनच्या थरावर हळदीचा अंगठा उमटला. खाडीची किळस मला आली होती हे खरे, पण अशी नव्हती.

हर्षदा कशीबशी म्हणाली, "सर, यात गाळ होता. त्यातले जीव थर करून बसले होते. ही त्यांचीच चित्रं आहेत."

"गाळबीळ पाहुण्यांना बरा नाही दिसत," मोठे साहेब हात पुसत म्हणाले. "आम्हाला दरवाजासमोर एक छान डीएनए हवाय. शिडीसारखा, फ्रेश कलरमध्ये. जमेल?"

म्हणजे त्यांना भिंत सजवून हवी होती. जीव बघणारे कुणी नकोच होते. हर्षदाने चित्रे गोळा केली. काही दिवसांनी निरोप आला, की दुसऱ्याची निवड झाली आहे, आणि लोणचे सर्वांना फार आवडले.

"लोक तुले नावे ठेवतीन म्हनीसन मी धुई टाकी," सरलाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. हर्षदाने रंगाचा डबा पलंगाखाली सारला. मी कोपऱ्यात पडून राहिले. ओल्या चमच्याने जे व्हायचे ते झाले. माझ्या तोंडाशी पांढरी लव आली, मग हिरवी. मला माझीच ओकारी येऊ लागली.

एके दुपारी सरलाबाईने झाकण काढले. बुरशी! बरणीभर लोणचे वाया! ती मला घेऊन मोरीकडे निघाली, वाकलीसुद्धा, आणि तशीच थांबली. मग तिने मला खिडकीत नेऊन उन्हात धरले आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"हर्षदा," ती हळूच म्हणाली, "देख व, हाई कोनता रंग शे?"

हर्षदा आली. बघतच राहिली. "पिस्ता," ती म्हणाली, आणि पलंगाखालचा डबा ओढला.

आता माझी जागा खिडकीत आहे. शेजारच्या शोभाबाई परवा पदर नाकाला लावून म्हणाल्या, "फेकी दे ना ती घाण!"

"हात लावजो नको, बहीन," सरलाबाई म्हणाली. "मनी आंडेरनं काम चालू शे त्यामा."

आंडेर म्हणजे लेक. लेकीचे काम, हे ऐकून माझ्या अंगावर काच असून काटा आला. हर्षदा दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेत चित्रे पाठवणार आहे. तिथे काय होईल, मला ठाऊक नाही. मला अजून किळस येते, रोज येते. पण मित्रांनो, ज्याची किळस येते ते मोरीत ओतण्याआधी एकदा उजेडात धरून बघा, त्यात कुणाचा तरी जीव गुंतलेला असेल. आणि ओला चमचा मात्र कुणाच्याही बरणीत घालू नका.