मला गळा नसताना घातलेला हार

मी एक जुना कीबोर्ड आहे. काष्टीजवळच्या एका वाडीतल्या दूध संकलन केंद्रात टेबलावर बसून असतो.

मित्रांनो, माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण अक्कल मला इथं आली. ती दिली एंजलताईनं. कुणाचं दूध किती आणि फॅट किती लागलं, हे सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला. तेव्हापासून अध्यक्ष कारभारीआप्पा सगळ्यांना सांगतात, "आमचा संगणक लई हुशार हाय." एंजलताईला मात्र गाव पंखा बंद पडला तरी बोलावतं.

यंदा प्रोग्रामर दिनाला आप्पांनी सत्कार ठरवला. एंजलताई नवा ड्रेस घालून आली. आप्पांनी भाषण केलं आणि शाल मॉनिटरला पांघरली. हार मला घातला. मला गळा नाही, ही अडचण कुणालाच जाणवली नाही. मग माझ्यावर कुंकू वाहिलं आणि नारळ फोडून पाणी शिंपडलं. "आप्पा, पाणी नको," असं एंजलताई म्हणेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

लगेच संध्याकाळचं दूध आलं. गोजरबाईनं कॅन ठेवला. माझं एंटरचं बटण कुंकवाच्या चिखलात जे रुतलं, ते वर येईना. नोंदींवर नोंदी पडत गेल्या. गोजरबाईच्या एकट्या गाईनं अख्ख्या वाडीएवढं दूध दिलं.

"काय चारती गं तिला?" रांगेतल्या छबूबाईनं शालीआडचा आकडा बघून विचारलं.

"तुज्याच बांधावरचं गवत."

तेवढ्यात प्रोग्राम थांबला. शालीआडून अक्षरं दिसली : 'एका गाईचं एवढं दूध? पुन्हा बघा.'

बाहेर टँकर निघायच्या बेतात होता. तो गेला तर सगळ्यांचं दूध नासणार. आप्पांनी मॉनिटरला हात जोडले. "बाबा, आत्ताच सत्कार केलाय की तुजा!"

एंजलताईनं शाल ओढली, मला उलटं केलं, बटण उपसलं आणि शालीच्या टोकानं पुसून परत बसवलं. चुकीच्या नोंदी काढल्या. रांग पुढं सरकली.

टँकर भरून गेल्यावर आप्पांनी विचारलं, "गाईची शंका ह्याला आली कशी?"

"मीच लिहून ठेवली होती, आप्पा. आज ना उद्या आपण काहीतरी करणार, याची खात्री होती."

"मंग शाल त्या डब्याला का?" गोजरबाई म्हणाली.

आप्पांनी माझा हार उचलून एंजलताईच्या गळ्यात घातला. शाल लाल झाली होती, तरी तिनं झटकून खांद्यावर घेतली.

"एंजल, जाताजाता पंखा तेवढा..." आप्पा बोलता बोलता थांबले. "ऱ्हाऊ दे. बस पोरी, आधी चहा घे."

मित्रांनो, यंत्रांची पूजा करू नका, त्यांना कोरड्या फडक्यानं पुसा. आणि आम्हाला अक्कल देणाऱ्या माणसाला अधूनमधून चहा विचारा. फक्त कप माझ्यापासून लांब ठेवा.