मास्तरांना टणक लागतंय

बिस्किटांच्या कारखान्यात माझ्या मामाला सगळे मास्तर म्हणतात. त्याने कधी कुणाला काही शिकवलेलं नाही. रोज सकाळी भट्टीच्या तोंडाशी उभं राहून पहिल्या ट्रेमधलं एक बिस्किट चावायचं आणि ‘सोडा’ किंवा ‘थांबा’ म्हणायचं, हे त्याचं काम. त्याने ‘सोडा’ म्हटल्यावरच पॅकिंग सुरू होतं.

अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. तिथे नुकतंच एक यंत्र आलं होतं. दोन आधारांवर बिस्किट ठेवायचं, वरून एक बोथट पातं हळूहळू खाली येतं, आणि बिस्किट मोडायला किती जोर लागला ते पडद्यावर दिसतं. मामा एकदा येऊन ते पाहून गेला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण याला चहा कोण पाजणार?"

थोड्याच दिवसांत दुकानदारांच्या तक्रारी यायला लागल्या. पाकीट फोडावं तर आतली बिस्किटं मऊच निघतात. मला वाटलं, पाकिटांचं सील नीट लागत नसेल. मी पाकिटं पाण्यात बुडवून दाबली, पण एकही बुडबुडा आला नाही. मग भट्टीतून बाहेर येणारी बिस्किटंच तपासली. त्यांच्यात ओलावा जास्त होता आणि यंत्राचं पातं त्यांच्यात जवळजवळ कुरकुर न करता शिरत होतं. बिस्किटं मुळातच कच्ची निघत होती.

मी भट्टीवाल्याला गाठलं. तो जुना माणूस आहे आणि हातातलं काम न थांबवता बोलतो.

"भट्टीतला पट्टा जोरात पळतोय का हल्ली?"

"पळणारच. मास्तर रोज म्हणतात टणक लागतंय. मग मी पट्ट्याचा वेग जरा वाढवतो. भट्टीत कमी वेळ राहिलं की मऊ निघतं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? चावायचा पगार त्यांना मिळतो."

कुठलंही मोजायचं साधन वापरता वापरता थोडं सरकतं. म्हणून प्रयोगशाळेतला तराजू आम्ही ठरावीक वजन ठेवून पडताळतो. मामाला पडताळायला मात्र कुणाकडे काही नव्हतं. कारखान्यात टणक म्हणजे काय, ते त्याच्याच तोंडावरून ठरत आलं होतं.

मी मामाकडेच राहते, त्यामुळे पुढचं निरीक्षण जेवणाच्या टेबलावर झालं. बिस्किट चहात बुडवणाऱ्या माणसाला मामा आयुष्यभर हसत आला होता. आता तो स्वतः बुडवत होता, तेही कपाकडे न बघता, जणू हात आपोआपच तिकडे गेला. सफरचंद किसून खायचा. पावाची कड काढून ताटाच्या काठावर ठेवायचा. आम्ही उठलो तरी त्याचं जेवण चालू असायचं. कुणी थांबलेलं दिसलं की उरलेलं तसंच टाकून उठायचा.

"कड खायला काय झालं?" मामीने विचारलं.

"पित्त होतं."

"कडेने पित्त होतं, मधल्या पावाने होत नाही. पोटाला भूमिती येते वाटतं तुमच्या!"

मामा हसला, पण ओठ मिटून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. कारखान्यात चार लोकांसमोर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.

"मामा, तुझे दात हलतात."

"कोण म्हणालं?"

"बिस्किटं म्हणाली."

त्याने टेबलावरची एक टाचणी उचलून सरळ करायला घेतली. मग बोलायला लागला तेव्हा दुसऱ्या कुणाची तब्येत सांगावी तसा बोलला. डावीकडच्या मागच्या दाढा हलायला लागून वर्ष होत आलं होतं. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी तो जिभेने सगळ्या दातांची हजेरी घ्यायचा. दिवसभरही घ्यायचा, मीटिंगमध्येसुद्धा. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं: पट्ट्यावरून बिस्किटं येतायत आणि मधूनमधून त्याचे दात येतायत, छान भाजलेले.

"आणि ब्रश?"

"त्या बाजूला नाही करत. धक्का लागतो. पडलीबिडली तर?"

"डॉक्टरकडे?"

"गेलं की काढूनच टाकतात ते. माझे वडील असेच गेले होते एकदा, सगळे दात काढून आले. मग शेवटपर्यंत सगळं कुस्करून, पातळ करून. एक वाटी संपवायला तास लागायचा. आई ताटकळत बसायची आणि ते तिच्यावरच ओरडायचे, काय बघतेस म्हणून." त्याने टाचणी ठेवून दिली. "न चावता जगता येतं गं. पण मी चावण्याचाच माणूस आहे. इथे काय करू मग? पॅकिंगला बसू?"

मी म्हटलं की अंदाजाने घाबरण्यापेक्षा आधी मोजून घेऊ. हे त्याला पटलं असावं, किंवा तो थकला असावा. तो आला.

दाताची डॉक्टरीण कमी बोलणारी होती. एक्स-रे पाहून तिने आरसा त्याच्या हातात दिला.

"उजवीकडे बघा. बऱ्या आहेत. आता डावीकडे. या बाजूला ब्रश कुणी बंद करायला सांगितला?"

"कुणी नाही. मीच. जपत होतो."

"ज्यांना जपलंत त्याच गेल्या. हिरड्या सुजून हाड खाली गेलंय. या दोन दाढा काढाव्या लागतील. बाकीच्या राहतील, रोज घासल्या तर."

"सगळ्या नाही?"

"सगळ्या कशाला? मला काय हौस आहे?"

"आणि चावणं?"

"उजवीकडून, सावकाश. जखम भरली की डावीकडचंही बघू."

मामा खुर्चीतून उठला नाही. त्याने आणखी एकदा विचारलं, "सगळ्या नाही ना?" आणि मग म्हणाला, "आजच काढा. उद्यापर्यंत माझा विचार बदलेल."

काढलेल्या दाढा डॉक्टरीण टाकून द्यायला निघाली तेव्हा त्याने मागून घेतल्या आणि मुळांवरचा पिवळट थर मला दाखवला. मीही नीट पाहिला. बघण्यासारखा होता.

कामावर परतल्यावर त्याने आधी मॅनेजरला सगळं सांगितलं आणि मग भट्टीपाशी येऊन, पाळीवरच्या सगळ्यांसमोर, भट्टीवाल्याला म्हणाला, "पट्टा पूर्वीसारखा कर. बिस्किटं टणक नव्हती. माझ्या दाढा हलत होत्या."

कुणीतरी खोकलं. भट्टीवाल्याने कळ फिरवली.

"मी घरी बोललोच होतो," तो म्हणाला. "मास्तरांना अचानक मऊ आवडायला लागलं, म्हणजे एक तर भानगड आहे नाहीतर दात."

"भानगड असती तर बरं झालं असतं रे."

मॅनेजरने त्याला पॅकिंगला बसवलं नाही. पण एकाच तोंडावर सगळं सोपवणंही थांबवलं. आता रोज तिघं चावतात, मामा, भट्टीवाला आणि मी. आधी आपलं मत सांगायचं आणि मगच यंत्र लावायचं, असं ठरलं.

पहिल्या सकाळी भट्टीवाल्याचं आणि माझं चटकन झालं. आम्ही दोघांनीही ‘सोडा’ म्हटलं. मामा उजव्या बाजूने चावत होता, एकेक तुकडा आत सरकवत, जबडा मध्येच थांबवून, काही दुखतंय का याचा अंदाज घेत. पॅकिंगच्या बायका हात बांधून उभ्या होत्या. त्या आपल्याकडेच बघतायत हे त्याला दिसत होतं. त्याच्या कानशिलावर घाम आला होता. आता अर्धवट गिळून तो ‘सोडा’ म्हणून मोकळा होईल, असं मला वाटलं.

"चालेल ना, मास्तर?" भट्टीवाल्याने विचारलं.

मामाचं तोंड भरलेलं होतं. त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं आणि चावत राहिला.